मधल्या मजल्याची नोंद

मुंबईच्या कापडबाजारात ज्याने कधी दोन घटका घालविल्या आहेत, त्याला पोटमाळ्याची निराळी ओळख करून देण्याचे कारण नाही. खाली गादी आणि गिऱ्हाईक, उभ्या जिन्याने वर गेले की वाकून वावरावे लागेल अशी गठ्ठ्यांची जागा, आणि त्याहीवर इमारतीचे खरे छत, अशी ही रचना जेथे जेथे जागेचा भाव आणि छताची उंची ही दोन्ही मोठी होती तेथे तेथे मनुष्याने गरजेपोटी, बहुधा नकाशा न काढता आणि पुष्कळदा परवानगीही न मागता, उभी केली. सुतार बोलवावा, भिंतीत तुळया बसवाव्या, त्यांवर फळ्या ठोकाव्या आणि दिवेलागणीपर्यंत माल वर चढवावा, इतके ते काम सुटसुटीत असे. आज कोणत्याही मोठ्या इमारतीत हेच काम करावयाचे झाले तर ते प्रथम तिच्या संगणकीय प्रतिरूपात करावे लागते. आणि आश्चर्य असे की, तेथे जे काम वरवर पाहता एक आडवी रेघ ओढण्याचे आहे, ते निस्तरता निस्तरता चांगल्या अनुभवी ड्राफ्ट्समनचेही दिवसच्या दिवस खर्ची पडतात.

या प्रतिरूपाला व्यवहारात मॉडेल म्हणतात, आणि येथेही तोच शब्द वापरणे सोयीचे होईल. कागदावरील नकाशात भिंत म्हणजे दोन समांतर रेघा. ती किती उंच आहे, विटांची आहे की काँक्रीटची, तिच्या माथ्यावर काय टेकले आहे, यांपैकी काहीही त्या रेघांना ठाऊक नसते, ते वाचणाऱ्याने आपल्या बुद्धीने जाणावयाचे असते. त्यामुळे तळमजल्याच्या नकाशात एखादी खिडकी दोन हात सरकविली, तरी दर्शनी चित्रात ती आपल्या जुन्याच ठिकाणी राही, आणि ही विसंगती बहुधा गवंड्याच्या हाती करणी आल्यावरच उघडकीस येई. अमेरिकेतील कार्नेगी-मेलन विद्यापीठाचे चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ साली तेथील वास्तुशिल्पज्ञांच्या संस्थेच्या नियतकालिकात या अव्यवस्थेवर उपाय म्हणून असा विचार मांडला की, संगणकात चित्रांऐवजी इमारतीच्या घटकांचेच वर्णन साठवावे, चित्रे त्या वर्णनातून हवी तेव्हा काढून घ्यावी, म्हणजे बदल एकदाच करावा लागेल आणि तो सर्व चित्रांत आपोआप उमटेल. हा विचार सामान्य कचेऱ्यांच्या टेबलापर्यंत पोचावयास पाव शतक लागले. बुडापेस्ट येथे १९८२ साली स्थापन झालेल्या ग्राफिसॉफ्टचे आर्किकॅड आणि मॅसॅच्युसेट्समधील एका लहानशा कंपनीने २००० साली बाजारात आणलेले व दोनच वर्षांनी ऑटोडेस्कच्या मालकीचे झालेले रेव्हिट, ही या जातीची दोन प्रमुख साधने आज आपल्याकडील वास्तुशिल्पज्ञांच्याही नित्य वापरात आहेत. नागपूरच्या मेट्रोचे काम तर मॉडेलला काळ आणि खर्च यांचीही जोड देऊन चालविले गेले. आणि ज्याने उन्नत मेट्रोचे स्थानक पाहिले आहे त्याला हे सांगावयास नको की, रस्ता आणि फलाट यांच्या मध्ये तिकिटांसाठी जो एक मजला असतो, तोही मूलतः मधला मजलाच होय.

या मॉडेलात पातळी, म्हणजे ज्याला सर्वजण लेव्हल म्हणतात ती, हे एक विलक्षण प्रकरण आहे. दिसावयास ती इमारतीच्या उभ्या छेदातली एक आडवी तुटक रेघ आहे, आणि तिच्या टोकाला एक गोल खूण असून त्यापुढे नाव व उंची लिहिलेली असते. परंतु तिचा खरा अधिकार त्या रेघेत नाही. मॉडेलातली प्रत्येक भिंत, प्रत्येक खांब, प्रत्येक दार आणि प्रत्येक खुर्ची कोणत्या ना कोणत्या पातळीच्या दप्तरी दाखल असते. भिंतीच्या तपशिलात ती कोठून उठते आणि कोठवर जाते हे आकड्याने लिहिलेले नसून, तळमजल्याच्या पातळीपासून पहिल्या मजल्याच्या पातळीपर्यंत असे लिहिलेले असते, जेणेकरून पहिला मजला एक फूट वर नेला की त्याला बांधलेल्या शेकडो भिंती बिनतक्रार एक फूट वाढाव्या. या सोयीची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: रेव्हिटमध्ये एखादी पातळी खोडून टाकली, तर तिच्या दप्तरी दाखल असलेल्या वस्तू आणि तिचे नकाशे, इशाऱ्याची एक चौकट दाखवून, तिच्याबरोबरच नाहीसे होतात.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला तेव्हा जमीन होती तेथेच राहिली, डोंगर हलले नाहीत, वैतरणेने आपले पात्र बदलले नाही. बदलली ती हुकमत. कोणता तालुका कोणाच्या अमलाखाली, कोणते दप्तर कोणत्या कचेरीत, कोणत्या गावच्या मनुष्याने कोठे अर्ज करावा, हे ठरविण्यात जे श्रम पडले, ते नकाशावर सीमारेषा काढण्याच्या श्रमांहून किती तरी अधिक असले पाहिजेत. उभ्या असलेल्या मॉडेलात मधली पातळी घालणे हे नेमके या जातीचे काम आहे. रेघ ओढल्याने नवा अंमल जाहीर होतो एवढेच. त्याच्याकडे कोण वर्ग व्हावयाचे आणि कोण जुन्याच ठिकाणी राहावयाचे, याचा निवाडा यंत्र करीत नाही, तो एकेका वस्तूपुरता मनुष्यालाच करावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या पेठेतले दुकान आहे असे समजा. तळमजल्याची पातळी शून्य धरली तर पहिल्या मजल्याची पातळी ६.०० मीटरवर आहे, पहिल्या मजल्याची फरशी ५० मिलिमीटरची आणि तिच्या खालचा बीम स्लॅबसह ६०० मिलिमीटर खोल आहे. म्हणजे तळमजल्यावर उभ्या असलेल्या मनुष्याच्या माथ्यावर बीमच्या तळापर्यंत ५.३५ मीटर मोकळी उंची आहे, आणि एवढी उंची मोकळी पाहून कोणाही व्यापाऱ्याच्या मनात पोटमाळ्याची कल्पना येणे स्वाभाविक आहे. नवी पातळी २.७५ मीटरवर घेतली आणि तिची रचना फरशीसह ३५० मिलिमीटर जाडीत बसविली, तर खाली २.४० मीटर आणि वर २.६० मीटर उंची उरते. राष्ट्रीय इमारत संहितेने मधल्या मजल्यासाठी किमान २.२ मीटर उंची सांगितली आहे, तेव्हा हा हिशेब बसतो. पण किती काठाकाठाने बसतो हेही दिसून यावे. खालच्या भागात आडवा वातानुकूलनाचा नळ टाकावयाचा मनसुबा असेल, तर तो या घडीलाच सोडून दिलेला बरा.

रेव्हिटमध्ये ही पातळी घालावयाची ती उभ्या छेदात किंवा दर्शनी चित्रात. आडव्या नकाशात ती घालता येत नाही, आणि ते योग्यच आहे. साधनपट्टीवरील लेव्हलचे साधन घेऊन रेघ ओढली आणि नकाशा करण्याचा पर्याय चालू असला, की त्या पातळीचा नकाशाही त्याच क्षणी तयार होतो. परंतु घाईच्या मनुष्याची वृत्ती असते ती जुन्या रेघेची नक्कल करून वर सरकविण्याची. तसे केले तर पातळी मिळते, नकाशा मात्र मिळत नाही, तो मागाहून वेगळा काढावा लागतो, आणि टोकाची खूण निळी न राहता काळी दिसते एवढ्यावरूनच जाणत्याला काय झाले ते कळते. नावाचाही एक घोळ असतो. सॉफ्टवेअर नव्या पातळीला शेवटच्या नावापुढचे नाव देते, मग ती कोठेही असो. त्यामुळे दुसऱ्या क्रमांकाच्या खाली तिसरा क्रमांक अशी विपरीत उतरंड तयार होते. नाव तेथल्या तेथे बदलावे, आणि नकाशांचीही नावे बदलू काय असे यंत्राने विचारले म्हणजे होय म्हणावे. कारण महिन्याभराने साइटवर गेलेल्या कागदावर कोणता मजला कोणता, हे विचारणारा मुकादम आपल्या जवळ असेलच असे नाही.

आर्किकॅडची प्रकृती निराळी आहे. तेथे पातळी ही सुटी रेघ नसून मजल्यांची एक सलग चळत आहे, आणि प्रत्येक मजल्याची उंची ही पुढच्या मजल्याची जागा ठरविते. तेथे तळमजल्यावर एक मजला घातला की वरचे सर्व मजले नव्या मजल्याच्या उंचीइतके वर सरकतात आणि सहा मीटरवरची फरशीही तितकीच वर जाऊन बसते. म्हणून तळमजल्याची उंची सहावरून २.७५ वर आणि नव्या मजल्याची ३.२५ वर आणावी लागते, म्हणजे बेरीज पुन्हा सहा होते. माझ्या मते या दोहोंत आर्किकॅडचा मार्ग अधिक प्रामाणिक आहे, कारण मजला घातल्याचे परिणाम तो तत्काळ डोळ्यांपुढे आणतो. रेव्हिटमध्ये काहीच हलत नाही, आणि जे हलले नाही ते ठीकच असेल अशी समजूत करून घेण्याकडे मनुष्याचा कल असतो.

आता वस्तूंच्या वर्गवारीकडे वळू. बाहेरची नऊ इंची भिंत तळापासून पहिल्या मजल्यापर्यंत एकसंध बांधली जाणार आहे; ती जुन्याच दप्तरी राहू द्यावी, मधल्या पातळीशी तिला कर्तव्य नाही. पोटमाळ्याखालच्या कोठीची चार इंची आडभिंत मात्र आता सहा मीटर जाण्याचे कारण उरले नाही, तिचा माथा नव्या पातळीला बांधून वर स्लॅबची जाडी वजा केली पाहिजे. आतला जिना पूर्वी एका दमात पहिल्या मजल्यावर जात असेल, तर त्याला आता मध्ये थांबावे लागेल, आणि पावणेतीन मीटरच्या चढाला सतरा पायऱ्या घेतल्या तर प्रत्येक पायरी सुमारे १६२ मिलिमीटर उंच येईल, असा हिशेब नव्याने मांडावा लागेल. उंच खिडक्यांचे प्रकरण सर्वांत अडचणीचे असते: ज्या खिडकीची कड ०.९० मीटरवर आणि माथा ४.५० मीटरवर आहे, तिच्या पोटातून नवा स्लॅब आरपार जातो, आणि मॉडेल त्याविषयी चकार शब्द काढीत नाही. स्लॅबची कड आत घेऊन तेथे मोकळी जागा सोडणे, हा त्यावरचा उपाय बहुधा उत्तम ठरतो, कारण त्यामुळे खालच्या भागालाही उजेड मिळतो.

येथे एक बारीकसा सापळा आहे. पुष्कळदा पोटमाळ्याचा स्लॅब मॉडेलात आधीच काढलेला असतो, पण तो तळमजल्याच्या दप्तरी, २.७५ मीटर वर उचललेला, अशा स्वरूपात. नवी पातळी तयार झाल्यावर कोणी त्याच्या तपशिलात पातळीचे नाव तेवढे बदलले, तर जुना २.७५ चा आकडा तसाच कायम राहून स्लॅब नव्या पातळीच्याही तितकाच वर, म्हणजे साडेपाच मीटरवर, जाऊन पहिल्या मजल्याच्या बीममध्ये घुसतो. नाव बदलावे आणि तो आकडा शून्य करावा, ही दोन्ही कामे एकत्रच केली पाहिजेत.

नकाशा कसा दिसावा, हा याहून सूक्ष्म प्रश्न आहे. आडवा नकाशा म्हणजे इमारत एका ठराविक उंचीवर कापून वरून खाली पाहणे. रेव्हिटमध्ये ही काप सहसा पातळीच्या वर १.२० मीटर असते. तळमजल्याच्या नकाशात ती पोटमाळ्याच्या खालून जाते, तेव्हा पोटमाळा तेथे दिसतच नाही, आणि ज्या गिऱ्हाइकाने त्यासाठीच पैसे मोजले आहेत तो चकित होतो. वरून जाणाऱ्या कडेची तुटक रेघ तेथे मुद्दाम दाखवावी लागते. उलट मधल्या मजल्याच्या नकाशात काप जमिनीपासून ३.९५ मीटरवर जाते, उंच खिडक्या पुन्हा कापल्या जातात, आणि कठड्यापलीकडे खालचा मजला दिसावा असे वाटत असेल, तर दृष्टीची खोली तळमजल्यापर्यंत उतरवावी लागते. खोल्यांचेही तसेच. पोटमाळ्याच्या उघड्या कडेला भिंत नसल्यामुळे खोली कोठे संपते हे यंत्राला कळत नाही. तेथे एक काल्पनिक विभाजक रेषा टाकली तरच क्षेत्रफळाचा आकडा भरवशाचा मिळतो. हा आकडा केवळ शोभेचा नव्हे, कारण संहितेप्रमाणे मधल्या मजल्याचे एकूण क्षेत्र इमारतीच्या जोत्याच्या क्षेत्राच्या एकतृतीयांशाहून अधिक असू नये, आणि तेथे राहण्याची खोली करावयाची तर ती साडेनऊ चौरस मीटरपेक्षा लहान असून चालत नाही. स्थानिक नियमावली याहून निराळे काही सांगत असेल, तर अर्थात तीच पाहावी.

आणि मग तो प्रश्न येतो, जो वस्तुतः सर्वांच्या आधी विचारला पाहिजे होता: ही पातळी घालावी तरी काय? एकतृतीयांश क्षेत्रापुरताच मर्यादित असलेला आणि खालच्या मजल्याचाच भाग मानला जाणारा पोटमाळा, हा मजला म्हणावा की उंचावर टाकलेला ओटा म्हणावा? माझे मत असे की, त्याला स्वतंत्र नकाशा, स्वतंत्र खोल्या, स्वतंत्र वीजजोडण्या असतील तर पातळी अवश्य घालावी. नुसत्या फळ्या आणि गठ्ठेच असतील तर तळमजल्याच्या दप्तरी उचललेला स्लॅब पुरेसा आहे, आणि तेथे पातळ्यांची संख्या वाढविणे म्हणजे कचेरी नसलेल्या गावी मामलेदार नेमणे होय. रेव्हिटने याकरिता एक मधला मार्ग ठेवला आहे. पातळी ठेवावी, पण तिच्या तपशिलात ती इमारतीचा मजला आहे, ही खूण काढून टाकावी; म्हणजे कामापुरती रेघ मिळते आणि मजल्यांच्या गणतीत भर पडत नाही.

ही गणती कोठे उपयोगी पडते, हे मॉडेल दुसऱ्याच्या हाती देताना कळते. निरनिराळ्या कंपन्यांच्या साधनांमध्ये देवाणघेवाण व्हावी म्हणून आयएफसी नावाची एक सामाईक लेखनपद्धती ठरविण्यात आली असून २०१३ साली तिला आयएसओ १६७३९ या आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. तिच्यात प्रकल्प, जागा, इमारत आणि मजला अशी उतरती श्रेणी आहे, आणि नियम असा की कोणतीही वस्तू या श्रेणीत एकाच ठिकाणी सामावलेली असू शकते. दोन मजल्यांना छेदून जाणारा खांब तळमजल्यात राहतो आणि मधल्या मजल्यात त्याचा केवळ निर्देश होऊ शकतो. मजल्याचा अंश म्हणून मजला नोंदविण्याची तजवीजही या पद्धतीत आहे, आणि पोटमाळ्याला ती अगदी चपखल बसते. परंतु तिचा उपयोग करणारे विरळाच आढळतात. बहुतेक ठिकाणी पोटमाळा पूर्ण मजला म्हणून निघतो, आणि मग वास्तुशिल्पज्ञाच्या मॉडेलात चार मजले, संरचना अभियंत्याच्या मॉडेलात तीन, अशी रुजवात न होणारी दोन दप्तरे एकाच इमारतीची म्हणून फिरत राहतात. नवी पातळी घातल्याची वर्दी इतर सल्लागारांना त्याच दिवशी देणे, एवढे एक काम जरी नेमाने झाले, तरी पुष्कळ अनर्थ टळतील.

संरचना अभियंत्याला ही वर्दी का हवी, याचे कारण मात्र केवळ दप्तरी नाही. दुकानाच्या मजल्यावर आपली भारतीय मानके दर चौरस मीटरला ४ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे चारशे किलो इतका चल भार धरावयास सांगतात, आणि राहत्या खोलीला त्याच्या निम्मा; म्हणून पोटमाळ्यावर काय ठेवणार, हे आधी ठरले पाहिजे. परंतु वजनाहूनही घातक गोष्ट वेगळी आहे. खांब मध्येच एका मजल्याने जखडला की त्याची मोकळी लांबी कमी होते, आणि खांबाचा आडव्या जोराविरुद्धचा ताठपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे, लांबी निम्मी होताच तो आठपट ताठ होतो. पोटमाळा इमारतीच्या एकाच भागात असतो, तेव्हा काही खांब आखूड आणि ताठ, बाकीचे लांब आणि लवचिक, अशी विषमता उत्पन्न होते. भूकंपात मात्र वरचे छत सर्वांना सारखेच हलविते, आणि तेवढेच हलण्यासाठी ताठ खांबाला कित्येक पट अधिक जोर सोसावा लागतो. तो त्यासाठी घडविलेला नसेल, तर त्याला तिरप्या भेगा पडतात. भुजच्या २००१ सालच्या भूकंपानंतर आयआयटी कानपूर आणि बीएमटीपीसी यांनी सामान्य वाचकांसाठी जी टिपणे काढली, त्यांत आखूड खांबांवर एक स्वतंत्र टिपण असून दोन नेहमीच्या मजल्यांमध्ये घातलेला मधला मजला किंवा माळ्याचा स्लॅब हे त्या दोषाचे एक कारण म्हणून तेथे स्पष्ट सांगितले आहे. नव्या इमारतीत अशा खांबाला पूर्ण उंचीभर जवळजवळ कड्या घालण्याचा उपाय मानकांनी सांगितला आहे. उभ्या इमारतीत तो करता येत नाही. तेथे पोटमाळ्याला स्वतःचे लोखंडी खांब देऊन, मूळ खांबांपासून फट राखून, तो सुटा उभा करणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग होय.

वास्तुशिल्पज्ञाच्या मॉडेलात नवी रेघ ओढल्याने यांपैकी एकही गोष्ट कळत नाही. तेथे खांब पूर्वीप्रमाणेच तळापासून पहिल्या मजल्यापर्यंत एकसंध दिसतो, स्लॅबची कड त्याला नेटकी भिडलेली असते, आणि रंगीत चित्रात ते सारे फार देखणे दिसते. म्हणून ज्याला आपल्या दुकानात किंवा गोदामात पोटमाळा करावयाचा आहे, त्याने ते चित्र पाहून झाल्यावर दोन प्रश्न अवश्य विचारावेत: नवा मजला कोणकोणत्या खांबांना जखडतो, आणि संरचना अभियंत्याने आपले गणित नव्या पातळीसह पुन्हा केले आहे काय. या दोहोंचे उत्तर लेखी हाती येईपर्यंत फॅब्रिकेटरला इसार देऊ नये.